बारावीच्या मुलांची मतदार नोंदणी मोहीम: फॉर्म भरण्यापासून यादीत नाव छापून येईपर्यंत

शिंदखेडा तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयातल्या मॅडमनी विचारलं आहे: अकरावी-बारावीची तीसेक मुलं मतदार नोंदणीचं काम करायला स्वतःहून तयार आहेत. पण संस्थाचालक एका पक्षाचे पदाधिकारी, आणि गावात वजन दुसऱ्या पक्षाचं. मुलांना कामाला लावायचं कसं, आणि कुणाचा शिक्का बसू न देता हे पार कसं पाडायचं?

मॅडम, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत असताना पाच वर्षं बीएलओ होतो, म्हणजे घरोघरी जाऊन मतदार यादीचं काम बघणारा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. आता कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो आणि दरवर्षी हे काम मुलांबरोबर करतो. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बघून सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. मुलांनी फॉर्म गोळा करायचे नाहीत. पहिल्या वर्षी माझ्या मुलांनी चार दिवसांत १४० फॉर्म भरून घेतले, मी त्यांचा गठ्ठा बांधून कार्यालयात नेला. तिथल्या साहेबांनी चहा दिला आणि गठ्ठा परत केला. बरोबरच केलं त्यांनी. कुणी व्यक्ती किंवा संस्था एकगठ्ठा अर्ज आणून देत असेल तर ते घेऊ नयेत असा निवडणूक आयोगाचा नियमच आहे. घरातला एक माणूस घरच्यांचे अर्ज देऊ शकतो, बाकी प्रत्येकानं आपला अर्ज आपण करायचा. मी नियम वाचला नव्हता. परत येताना एस.टी.त मांडीवर तो गठ्ठा होता आणि मुलांना काय सांगायचं हे सुचत नव्हतं. त्यातल्या निम्म्या मुलांचे अर्ज पुन्हा भरलेच गेले नाहीत.

म्हणून मुलांचं काम मदतनिसाचं. समोरच्याच्या मोबाइलवर, त्याच्याच हातानं, आयोगाच्या पोर्टलवर किंवा त्यांच्याच अ‍ॅपवर अर्ज भरून घ्यायचा. ज्याच्याकडे मोबाइल नाही किंवा गावात नेटवर्क नाही, त्याला कागदी नमुना ६ (नवीन मतदाराचा अर्ज) द्यायचा, कसा भरायचा ते दाखवायचं आणि त्याच्या बीएलओचं नाव सांगायचं. सही दुसऱ्यानं कधीच करायची नाही. फॉर्मच्या शेवटी घोषणापत्र असतं आणि त्यात जाणूनबुजून खोटं लिहिलं तर लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. मुलांना घाबरवायचं म्हणून हे सांगत नाही. अठरा वर्षांच्या पोरानं आयुष्यात पहिल्यांदा केलेली ती कायदेशीर सही असते, तिची किंमत त्याला कळली पाहिजे.

आता वय. १९८९ च्या मार्चपर्यंत मतदानाचं वय २१ होतं, ६१ व्या घटनादुरुस्तीनं ते १८ झालं. पण त्यानंतरही कितीतरी वर्षं १ जानेवारी ही एकच तारीख धरायचे. म्हणजे २ जानेवारीला जन्मलेल्या पोराला आख्खं वर्ष थांबावं लागायचं. २०२२ पासून अर्हता दिनांक, म्हणजे ज्या तारखेला १८ पूर्ण हवीत त्या तारखा, चार झाल्या: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. १७ पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही करता येतो, ज्या तिमाहीच्या तारखेला १८ पूर्ण होतात त्या तिमाहीत नाव येतं. तेव्हा मोहिमेची सुरुवात पोस्टर रंगवण्यानं करू नका, जनरल रजिस्टरपासून करा. मुलांना चार रकाने आखायला लावा आणि प्रत्येकाला आपली जन्मतारीख योग्य रकान्यात टाकू द्या. एका तासिकेत होतं हे. त्यातूनच कळतं की बारावीच्या वर्गातली बरीच मुलं आज पात्र आहेत आणि अकरावीची जवळपास सगळी फक्त मदतनीस आहेत. अकरावीच्यांना त्याचं वाईट वाटू देऊ नका. पुढच्या वर्षी मोहीम चालवणारे तेच असतात.

फॉर्ममध्ये कुठे अडतं ते एका उदाहरणानं सांगतो. अक्कलकुव्याकडची एक मुलगी आमच्याकडे वसतिगृहात राहून शिकत होती. आडनाव पाडवी. तिनं इंग्रजीत नाव टाकलं, पोर्टलनं त्याचं मराठी आपोआप करून दिलं: ‘पदवी’. तिच्या शेजारी बसलेला मदतनीस पुढचं बटण दाबायला सांगणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "थांब ना, हे मी नाही." दोघांनी मराठी कीबोर्ड उघडून ते दुरुस्त केलं. तेव्हापासून आमच्याकडे नियमच आहे, की मराठी नाव मोठ्यानं वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. वळवी, वसावे, पावरा, गावित, अहिरे, सगळ्यांच्या बाबतीत काही ना काही होतं. वडिलांच्या नावातही होतं, आणि तिथे कुणी बघतच नाही. एकदा चुकीचं छापलं की नमुना ८ भरून दुरुस्तीमागे हिंडावं लागतं.

बाकी कागदपत्रं सोपी आहेत. वयासाठी जन्मदाखला, आधार, पॅन किंवा जन्मतारीख असलेलं दहावी-बारावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र. पत्त्यासाठी आधार, बँकेचं चालू पासबुक, वर्षभरापासूनचं वीजबिल किंवा जमिनीचा महसुली कागद. पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो लागतो, सेल्फी कापून लावू नका. घरातल्या एका मतदाराचा कार्ड क्रमांक आठवणीनं आणायला सांगा, त्यामुळे पोरगं आईवडिलांच्याच यादी भागात, म्हणजे त्यांच्याच मतदान केंद्राच्या यादीत बसतं. आधारचं म्हणाल तर देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० साली आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीला दिलं गेलं, पण मतदार व्हायला आधार क्रमांक सक्तीचा नाही. ज्याच्याकडे नाही त्याला परत पाठवू नका.

वसतिगृहातल्या मुलांचा प्रश्न दरवर्षी येतो. नाव गावी लावायचं की वसतिगृहाच्या पत्त्यावर? नियम दोन्हीची मुभा देतो, वसतिगृहाचा पत्ता द्यायचा तर अभ्यासक्रम निदान वर्षभराचा हवा आणि संस्थाप्रमुखांचा बोनाफाइड लागतो. मी बारावीच्या मुलांना गावच सुचवतो, कारण मार्चमध्ये परीक्षा झाली की ते वसतिगृह सोडतात. पण निर्णय त्यांचा. दोन्हीकडे मात्र नाही. दोन ठिकाणी नाव असणं कायद्यानंच चालत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न, शिक्का न बसण्याचा. ‘आम्ही निःपक्ष आहोत’ असं फलकावर लिहून काही होत नाही. लोक बघतात की फोटोत कोण उभं आहे, पाण्याच्या बाटल्या कुणी दिल्या, आणि मुलं कोणत्या गल्लीत गेली.

संस्थाचालकांना मोहिमेच्या आधी भेटा, नंतर नाही. लेखी पत्र द्या आणि सरळ बोला. मी आमच्या चेअरमन साहेबांना म्हटलं होतं, "आबासाहेब, तुमचा फोटो लावला तर समोरचेही त्यांचा लावायला येतील, आणि माझी पोरं दोन फळ्यांत वाटली जातील." ते पाच मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले, "बरं, माझ्या नावाशिवाय करा." सगळेच असं म्हणतील असं नाही. त्यासाठी एक आधार हाताशी ठेवा. आयोगाच्या योजनेतलं निवडणूक साक्षरता मंडळ तुमच्या महाविद्यालयात असेल तर मोहीम त्याच्या नावानं चालवा, नसेल तर आधी ते स्थापन करून घ्या. उद्‌घाटन करायचंच असेल तर तहसीलमधल्या निवडणूक नायब तहसीलदारांना बोलवा. फलकावर महाविद्यालयाचं नाव, तारीख आणि १९५० हा टोल फ्री क्रमांक, बस. ‘सौजन्य’ ही ओळ नको. चहाचा खर्च शिक्षकांनी वर्गणी काढून करा, फार होत नाही.

पोस्टरबद्दल हे वाचून तुम्हाला नवल वाटेल, पण मुलं आपसूकच शाई लावलेला हात काढतात, पाचही बोटं उघडी. गावातला माणूस त्यात एका पक्षाची निशाणी बघतो. मुलींना रांगोळी काढायला सांगितली की कमळ येतं, वेळेचं महत्त्व दाखवायचं म्हटलं की घड्याळ येतं. त्यात पोरांचा हेतू काहीच नसतो. आम्ही फक्त शाई लावलेली तर्जनी काढतो आणि बाकी सगळी अक्षरं. कपडेही महाविद्यालयाच्या गणवेशाचे, कारण टी-शर्टचा कोणताही रंग घ्या, तो कुणाचा तरी असतो.

टी-शर्टवरून आठवलं. एका वर्षी फाटकाशी एक कार्यकर्ता आला. "सर, तीस पोरांना टी-शर्ट देतो, तुम्ही फक्त नवमतदारांची यादी द्या, मोबाइल नंबरासकट." ती यादी आमच्या टेबलावरच होती. मुलांनी हौसेनं एका वहीत नाव, गाव, नंबर, जात प्रवर्गसुद्धा लिहून ठेवला होता, शाळेच्या सवयीनं. मी नाही म्हटलं आणि तो गेला. पण त्या रात्री मला झोप आली नाही. त्या वहीचा फोटो काढायला अर्धा मिनिट पुरे होतं. तेव्हापासून आमच्या वहीत चारच रकाने असतात: नाव, गाव, अर्जाचा संदर्भ क्रमांक आणि काय अडलं. मोबाइल नंबर नाही, जात नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही करत नाही, कारण त्यात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. वही कपाटात, किल्ली माझ्याकडे. तुमच्याकडे काही झालं नाही तरी हे करा. या मुलांनी विश्वासानं दिलेली माहिती उद्या प्रचाराच्या मेसेजसाठी वापरली गेली, तर मोहीम कितीही नीट चालवली तरी ती त्या पक्षाचीच ठरते.

आणि गल्लीचं. मुलं स्वाभाविकपणे आपल्या ओळखीच्या घरांत जातात. पाटीलवाड्यातली पाटीलवाड्यात, प्लॉटमधली प्लॉटमध्ये. आठ दिवसांनी बघितलं तर भिलाटीत कुणी गेलेलंच नसतं, तांड्यावर नाही, मोहल्ल्यात नाही. तोंडानं एकाही पक्षाचं नाव न घेता नोंदणी एका बाजूला झुकलेली असते. यावर मी जोड्या लावतो: प्रत्येक जोडीत दोन वेगवेगळ्या वस्त्यांची मुलं, आणि तिसऱ्याच वस्तीत काम. गावाचा नकाशा वर्गात फळ्यावर काढतो आणि गेलेल्या गल्लीवर खूण करतो. राहिलेली मोकळी जागा मुलांनाच दिसते, मला बोलावं लागत नाही. एखाद्या पुढाऱ्याचा मुलगा किंवा पुतणी काम करायला आली तर तिला नाकारू नका. ती कुणाची आहे हा तिचा दोष नाही. फक्त काम दुसऱ्या गावात द्या.

गावात गेल्यावर काय बोलायचं याचा सराव मात्र भरपूर घ्या. आमची मुलं अहिराणीतच बोलतात: "आबा, तुम्हनं नाव यादीमा शे का?" प्रमाण मराठीत विचारलं की लोक सरकारी माणूस आला म्हणून उठून उभे राहतात. पुढे तीन प्रश्न हमखास येतात. पहिला, "मत कोणले देवानं?" यावर एकच उत्तर, "ते तुम्हीच ठरावा, आम्ही नाव लावाले येल शेत." हसून सांगायचं आणि विषय बदलायचा. कुणी कितीही छेडलं, एखाद्या नेत्याला शिव्या दिल्या किंवा डोक्यावर घेतलं, तरी मान डोलवायची नाही. हे पोरांना सगळ्यात अवघड जातं. वर्गात मी स्वतः तो चिडलेला म्हातारा होतो आणि त्यांना दहा-दहा मिनिटं छळतो.

दुसरा प्रश्न सुरतेचा. खान्देशातली किती घरं उधना-लिंबायतला कामाला आहेत हे तुम्हाला सांगायला नको. नाव तिथे नेलं तर इथलं रेशन बंद होईल का? होत नाही, मतदार यादी वेगळी आणि रेशनची वेगळी. पण राहतात तिथेच नाव हवं, आणि एकाच ठिकाणी.

तिसरा प्रश्न मुलींच्या घरी. "वर्षा-दोन वर्षांत लगीन करणं शे, मग इथे कशाले?" मला हा प्रश्न फार लागतो, कारण त्यात मुलीचं नाव लग्नापर्यंत कुठेच नसलं तरी चालेल असं धरलेलं असतं. मी मुलींच्या जोडीलाच तिथे पाठवतो. त्या शांतपणे सांगतात: आज इथे नाव लागलं की कार्ड क्रमांक मिळतो, सासरी गेल्यावर नमुना ८ भरून तोच क्रमांक तिकडे जातो. एका वडिलांनी हे ऐकून घेतलं आणि मग घरातल्या मोठ्या सुनेकडे बघून विचारलं, "इन्हं नाव कोठे शे?" तिचं कुठेच नव्हतं. त्या दिवशी त्या घरात दोन अर्ज भरले गेले.

सातपुड्याच्या पट्ट्यात काम करणार असाल तर दिनदर्शिका वेगळी धरा. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं गावात नसतात, कोयत्याबरोबर, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याबरोबर, मोठी मुलंही जातात. ती परततात होळीला. होळीच्या आधी भरणाऱ्या भोंगऱ्या बाजारात आख्खा पाडा एका जागी भेटतो. होळी आणि १ एप्रिलचा अर्हता दिनांक जवळजवळ येतात, हे आमच्यासाठी सोयीचंच. राज्याच्या विधानसभा मतदारसंघांत १ क्रमांक अक्कलकुव्याचा आहे. तिथली मुलं हे अभिमानानं सांगतात, आणि नर्मदेकाठच्या मणिबेलीला मतदान पथक बोटीनं जातं हेही. सपाटीवरच्या तुमच्या महाविद्यालयासाठी मात्र दिवाळीनंतरचे आठवडे ते २५ जानेवारीचा राष्ट्रीय मतदार दिवस हा काळ ठीक. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीच्या मुलांना हात लावू नका.

एक चूक सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. मोहिमेच्या उद्‌घाटनाला मी फैजपूरची गोष्ट सांगायचो. यावल तालुक्यातल्या त्या गावी १९३६ साली काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं, आणि प्रौढ मताधिकारानं निवडलेल्या घटना समितीची मागणी तिथल्या ठरावात होती. तेव्हा मत देण्यासाठी मालमत्तेची नाहीतर शिक्षणाची अट होती, आज या वर्गातल्या किती जणांच्या आजोबांना मत मिळालं असतं, असं विचारलं की वर्ग शांत व्हायचा. एका वर्षी बारावीचा एक मुलगा नंतर भेटून म्हणाला, "सर, गोष्ट चांगली आहे, पण ती एका पक्षाची आहे ना?" तो इतिहास आजच्या पक्षांच्या आधीचा आहे असं मी समजावू लागलो आणि मध्येच थांबलो. मोहिमेच्या मंचावर त्याचं म्हणणं बरोबर होतं. ती गोष्ट मी अजून सांगतो, पण राज्यशास्त्राच्या तासाला, पुस्तक उघडून.

अर्ज गेल्यानंतरचं काम बहुतेक महाविद्यालयं करत नाहीत, आणि नावं गळतात ती तिथेच. संदर्भ क्रमांक मिळाला म्हणजे नाव लागलं असं मुलांना वाटतं. प्रत्यक्षात हरकतींसाठी सात दिवस जातात, बीएलओ घरी येऊन खात्री करतो, मग मतदार नोंदणी अधिकारी मंजुरी देतात. बीएलओ घरी गेला आणि शेतातून कुणी आलंच नाही, किंवा आजीनं "असा कोणी राहत नही, तो शिकाले गया" असं सांगितलं, की अर्ज अडकतो. मी स्वतः बीएलओ असताना असे अर्ज माझ्याकडून परत गेले आहेत. म्हणून अर्ज भरताच मुलानं घरी सांगायचं: गुरुजी किंवा अंगणवाडी ताई चौकशीला येतील, मी इथलाच आहे असं सांगा. आणि बीएलओंना जपा, मॅडम. त्यांची मूळ नोकरी सांभाळून ते हे करतात. तुमच्या मुलांचे चाळीस फोन एका दिवशी जाऊ देऊ नका. तालुक्याच्या गावी चाळीस खेड्यांची मुलं शिकत असतात, तेव्हा प्रत्येकाचा बीएलओ वेगळा. अडलेल्या अर्जांची गावनिहाय आणि यादी भागनिहाय एक चिठ्ठी करा आणि पंधरा दिवसांतून एकदा तहसीलच्या निवडणूक शाखेत दोन मुलांना घेऊन जा. तिथली माणसं मदत करतात, अट एवढीच की काम त्यांच्या पद्धतीनं लावून न्यावं.

निवडणूक जवळ आली असेल तर मुलांना खोटी आशा दाखवू नका. उमेदवारी अर्जाची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते, आणि मंजुरीला वेळ लागतो म्हणून अर्ज त्याच्या बराच आधी पोचलेला हवा. जिल्हा परिषद, नगरपालिकेचं आणखी वेगळं. राज्य निवडणूक आयोग स्वतंत्र यादी करत नाही, ठरावीक तारखेची विधानसभेची यादी घेऊन प्रभागांत विभागतो. ती तारीख उलटल्यावर नाव आलेल्याला त्या वेळी मत देता येत नाही. हे आधी सांगितलेलं असलं तर मुलं समजून घेतात. मतदान केंद्रावरून परत यावं लागलं तर नाही घेत.

शेवटचा टप्पा यादी वाचण्याचा. पुढची यादी प्रसिद्ध झाली की वही काढायची आणि प्रत्येक नाव पोर्टलवर शोधायचं. नाव, वडिलांचं नाव, वय, फोटो, भाग क्रमांक, सगळं वाचायचं. चूक दिसली की तिथेच नमुना ८. कार्ड पोस्टानं घरी येतं, उशीर झाला तरी घाबरू नये. यादीत नाव असलं तर आयोगानं मान्य केलेलं दुसरं फोटो ओळखपत्र दाखवून मत देता येतं. सगळी नावं तपासून झाली की मी वहीची पानं मुलांसमोर फाडतो.

तुम्ही या आठवड्यात एवढंच करा: जनरल रजिस्टरवरून जन्मतारखांचे चार रकाने भरून घ्या आणि संस्थाचालकांना पत्र द्या. रकाने भरले की कळवा. मुलांच्या सरावाच्या दिवशी मी शिंदखेड्याला येतो आणि तो चिडलेला म्हातारा होऊन बसतो.